फ्रँकलिन गावचा उतारा

सहावी-सातवीच्या वर्गात विज्ञानाचा तास चालू आहे. बाई एका मुलाला उभे करून धड्यातील उतारा वाचायला सांगतात. मुलगा कुठेही न अडखळता, स्वल्पविराम-पूर्णविराम सांभाळून वाचतो. मग बाई त्याच उताऱ्यावर एक साधा प्रश्न विचारतात, आणि तोच मुलगा गप्प उभा राहतो किंवा भलतेच उत्तर देतो. अशा वेळी आपण म्हणतो, 'लक्ष नव्हते', किंवा 'विज्ञान कच्चे आहे'. मुलाला तो उतारा वाचताच आला नाही, असे आपल्या मनात येत नाही. कारण त्याचे वाचन आपण आपल्या कानांनी ऐकलेले असते.

वाचनाच्या शास्त्रीय अभ्यासालाही या मुद्द्यापर्यंत पोचायला वेळ लागला. सुरुवात झाली ती डोळ्यापासून. वाचताना डोळा ओळीवरून सरळ सरकत नाही, तर थांबत थांबत उड्या घेत जातो, ही गोष्ट एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समधील नेत्रतज्ज्ञ एमिल जाव्हाल यांच्या प्रयोगशाळेतून पुढे आली. १९०८ साली अमेरिकेत एडमंड ह्यूई यांनी वाचनाच्या मानसशास्त्रावर ग्रंथ लिहिला. शाळांमध्ये मात्र चांगले वाचन म्हणजे चांगले प्रकटवाचन, हेच समीकरण होते. १९१५ साली विल्यम ग्रे यांनी तयार केलेल्या वाचनचाचणीतही मूल मोठ्याने वाचताना किती चुका करते आणि किती वेळ घेते, हे मोजले जाई.

अशा काळात, १९१७ मध्ये, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील टीचर्स कॉलेजचे प्राध्यापक एडवर्ड थॉर्नडाइक यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. पेटीत कोंडलेली मांजरे बाहेर पडायला कशी शिकतात, या १८९८ सालच्या प्रयोगांमुळे ते मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना परिचित आहेत. या वेळी त्यांनी वरच्या प्राथमिक वर्गांतील मुलांच्या चुका तपासल्या.

मुलांना दिलेला उतारा जेमतेम एका वाक्याचा होता. त्याचा आशय असा: फ्रँकलिन गावात सात ते चौदा वर्षे वयाच्या प्रत्येक मुलाने शाळा भरेल त्या प्रत्येक दिवशी हजर राहिले पाहिजे, मात्र मूल शाळेत जाऊ शकणार नाही इतके आजारी असेल, घरात कुणाला संसर्गजन्य रोग झाला असेल, किंवा रस्ते जाण्यायोग्य नसतील, तर सूट आहे. उतारा समोरच होता आणि हवा तितक्यांदा वाचायची मुभा होती. म्हणजे ही स्मरणशक्तीची परीक्षा नव्हती.

एक प्रश्न असा होता की, दहा वर्षांच्या मुलीने कोणत्या दिवशी शाळेत येणे अपेक्षित नाही? काही मुलांनी उत्तर लिहिले, 'तिच्या वाढदिवशी'! या परिच्छेदाचा विषय काय, या प्रश्नाला कुणी नुसतेच 'फ्रँकलिन' असे लिहिले, तर कुणी सुरुवातीला मोठे अक्षर काढावे, अशा अर्थाचे काहीतरी.

ही उत्तरे वाचून हसू येते. थॉर्नडाइक यांनी मात्र ती पाण्यात बुडवलेल्या लिटमस कागदाकडे पाहावे तशी पाहिली. 'परिच्छेद' हा शब्द दिसताच मुलाला शुद्धलेखनाच्या तासातले नियम आठवले, आणि त्या आठवणीने बाकीचे शब्द झाकून टाकले. 'दहा वर्षांची मुलगी' आणि 'दिवस' हे शब्द शेजारी आले आणि वाढदिवस डोळ्यांपुढे उभा राहिला. म्हणजे एखाद्या शब्दाचा प्रभाव प्रमाणाबाहेर वाढतो, तर दुसऱ्याचा नको इतका कमी होतो. उतारा समजणे म्हणजे योग्य ते घटक निवडून, प्रत्येकाला योग्य तेवढे वजन देऊन, त्यांची योग्य जुळणी करणे. हे काम गणित सोडवण्यासारखेच आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता. वाचन हाच विचार आहे.

विज्ञानशिक्षकाला याची उदाहरणे शोधायला लांब जायला नको. 'तापमान स्थिर असताना वायूचे आकारमान दाबाच्या व्यस्त प्रमाणात बदलते' हे वाक्य घ्या. आकारमान आणि दाब हे भारदस्त शब्द मुलांच्या लक्षात राहतात. 'असताना' हा बिचारा गळून पडतो, आणि त्याबरोबर नियमाची अटही. 'खेरीज', 'तरच', 'जोपर्यंत' हे छोटे शब्दच वाक्याची बिजागरी असतात.

पुढच्या काळात हा धागा अनेकांनी पुढे नेला. डोलोरेस डर्किन यांनी १९७८-७९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात चौथीच्या वर्गांतील ४,४६९ मिनिटांचे वाचनाचे तास पाहिले. त्यांत आकलन कसे करावे हे शिकवण्यात गेली होती अवघी २० मिनिटे! बाकीच्या वेळात प्रश्न विचारणे आणि उत्तरे तपासणे खूप होते. म्हणजे परीक्षा होती, शिकवणे नव्हते. १९७९ मध्ये एलन मार्कमन यांनी तिसरी, पाचवी आणि सहावीच्या मुलांना मुद्दाम विसंगत मजकूर दिला: समुद्राच्या तळाशी अजिबात प्रकाश नसतो, आणि तिथले काही मासे रंगावरून आपले अन्न ओळखतात. सहावीतल्याही अनेक मुलांना त्यात काही खटकले नाही. पण मजकुरात कुठेतरी गफलत आहे असे आधी सांगितले, तेव्हा सहावीच्या मुलांना ती बरीच अधिक सापडली. क्षमता होती, पण ती वापरायची सवय नव्हती.

ही सवय लावता येते, हे १९८४ साली अॅनमरी पॅलिन्सर आणि अॅन ब्राऊन यांनी दाखवले. शब्द नीट वाचता येणाऱ्या, पण अर्थ न लागणाऱ्या सातवीच्या मुलांबरोबर त्यांनी काम केले. छोट्या गटात शिक्षक आणि मुले आळीपाळीने 'शिक्षक' होत. प्रत्येकाने उताऱ्याचा सारांश सांगायचा, एक प्रश्न काढायचा, अवघड जागा उलगडायची आणि पुढे काय येईल याचा अंदाज बांधायचा. काही आठवड्यांत मुलांच्या आकलनात लक्षणीय सुधारणा झाली.

थॉर्नडाइक यांचे सगळेच विचार स्वीकारण्याजोगे नव्हते. त्यांनी सुप्रजननवादाचा पुरस्कार केला होता, आणि २०२० मध्ये टीचर्स कॉलेजने इमारतीला दिलेले त्यांचे नाव काढण्याचा निर्णय घेतला. गंमत अशी की, मुलांवर जन्मजात मंदपणाचा शिक्का मारण्याविरुद्ध एक चांगला पुरावा त्यांच्याच निबंधात सापडतो. इतिहास-भूगोलात मागे पडणाऱ्या मुलाची अडचण कित्येकदा वाचनात असते, आणि वाचन शिकवता येते.

आपल्याकडे २००५ पासून 'असर'च्या पाहण्यांनी मुले साधा मजकूर वाचू शकतात का, हा मूलभूत प्रश्न ऐरणीवर आणला. फ्रँकलिनचा प्रश्न त्याच्या पुढचा आहे, आणि तो केवळ भाषेच्या शिक्षकाचा नाही. पुढच्या तासाला धड्यातले एकच वाक्य फळ्यावर लिहा. मुलांना ते मनात वाचू द्या. मग विचारा, 'यातला कोणता शब्द काढला तर अर्थ बदलेल?' चुकीचे उत्तर आले, तर खोडण्याआधी ते कुठून आले हे मुलालाच विचारा. 'वाढदिवस' हे उत्तरही कुठून तरी आलेले असते.