सोवळे, शिधा आणि गव्हाचा कण

प्रवास आणि पथ्य यांचा संबंध आपल्याकडे फार जुना आहे. काशीयात्रेला निघणारा गृहस्थ शिधा बरोबर घेई, मुक्कामी चूल मांडी आणि स्वतःच्या हाताने शिजवून जेवी. वाटेसाठी दशम्या असत; पाण्याऐवजी दुधात भिजवलेल्या पिठाच्या असल्याने त्या टिकत आणि विटाळाचे नियमही त्यांच्या बाबतीत सैल असत. 1857 साली वरसईहून उत्तरेकडे निघालेल्या गोडसे भटजींचा ‘माझा प्रवास’ (प्रकाशन 1907) वाचताना, अन्नाची ही चिंता त्या काळच्या प्रवाशाला किती स्वाभाविक होती हे ध्यानात येते. 1883 साली आनंदीबाई जोशी अमेरिकेला आणि पंडिता रमाबाई इंग्लंडला गेल्या. दोघींच्या वाटा पुढे अगदी वेगळ्या झाल्या, पण परमुलखात शाकाहार सांभाळण्याचा प्रश्न दोघींपुढेही होता.

ही सारी पथ्ये धर्माने, रूढीने किंवा स्वेच्छेने स्वीकारलेली होती. आजच्या एका प्रवाशाचे पथ्य मात्र त्याच्या आतड्याने ठरवलेले असते. सिलिअॅक या विकारात गहू, जव आणि राय या धान्यांतील ग्लुटेन नावाच्या प्रथिनामुळे शरीराची संरक्षणयंत्रणा लहान आतड्याच्या अस्तरावरच उलटते. अन्नरस शोषणारे तेथील सूक्ष्म उंचवटे झिजतात आणि खाल्लेले अंगी लागत नाही. यावर सर्वमान्य उपाय एकच, तो म्हणजे जन्मभर ग्लुटेन वर्ज्य करणे.

या साध्या उपायापर्यंत पोचायला मात्र शतके लागली. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या सुमारास कॅपाडोशियाच्या अॅरिटीअस या ग्रीक वैद्याने पोटाच्या अशा चिवट व्याधीचे वर्णन करून ठेवले होते. 1887 साली लंडनमध्ये डॉ. सॅम्युअल गी यांनी बालरुग्णांवरील व्याख्यानात, रोगी बरा व्हायचाच तर तो आहारानेच होईल, असे प्रतिपादन केले. कोणता आहार, हे मात्र त्यांना उमगले नव्हते. 1924 साली न्यूयॉर्कच्या डॉ. सिडनी हास यांनी केळ्यांचा आहार सुचवला. मुले सुधारली आणि श्रेय केळ्यांना मिळाले. त्या आहारातून पाव वगळला होता, याचा अर्थ कोणाच्या लक्षात आला नाही.

तो अर्थ लावला हेगच्या बालरुग्णालयातील डॉ. विलेम डिके यांनी. 1930च्या दशकातच त्यांचा गव्हावर संशय होता. 1944-45च्या हिवाळ्यात जर्मनव्याप्त नेदरलँड्समध्ये भीषण दुष्काळ पडला. लोकांनी ट्यूलिपचे कंद खाऊन दिवस काढले. पाव दुर्मीळ झाला, आणि पावाविना ही आजारी मुले मात्र सुधारल्याचे दिसले. डिके यांच्या संशयाला त्याने पुष्टी मिळाली, आणि 1950 साली उट्रेख्ट विद्यापीठात सादर केलेल्या प्रबंधात त्यांनी आपले निष्कर्ष मांडले. ज्या अन्नाअभावी माणसे मरत होती, तेच अन्न काही मुलांना आजारी पाडत होते, असा हा विलक्षण प्रसंग आहे.

उत्तर भारतीय मुलांमधील या विकाराची नोंद 1966 साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये झाली. गहू हेच जिथे मुख्य अन्न, तिथे तो अधिक आढळावा हे ओघानेच आले. आपल्याकडे देशावर ज्वारी-बाजरी, कोकणात भात आणि नाचणी ही परंपरा. गव्हाची पोळी कित्येक घरांत सणापुरतीच होती. रेशनचे दुकान आणि हरितक्रांती यांच्यानंतर गहू घरोघर पोचला. परिणामी ग्लुटेनवर्ज्य आहार घरी साधणे मराठी माणसाला फारसे अवघड नाही. अडचण उंबरठा ओलांडल्यावर येते. एसटी स्थानकावर वडापाव, मिसळपाव, पोळीभाजी आणि बिस्किटे. भाकरी मिळाली तर मिळाली.

आमच्या महाविद्यालयाच्या एका सहलीत हे पथ्य असलेली एक विद्यार्थिनी होती. प्रत्येक उपाहारगृहात ती “उपवास आहे” एवढेच सांगे. आजाराचे नाव घेतले की प्रश्न येत, “थोड्याने काय होतं?” असा आग्रह होई, उपवास म्हटले की साबुदाण्याची खिचडी किंवा वरीचे तांदूळ मुकाट्याने पुढे येत. धार्मिक नियमाला आपल्या समाजाने भाषा दिली आहे, तो पाळणाऱ्याचा मान ठेवण्याची रीत दिली आहे. आजारी शरीराच्या नियमाला मात्र ‘नखरे’ हा शब्द तयार असतो. तरीही उपवासाचा आडोसा पुरेसा नाही. ज्या कढईत मैद्याचे पदार्थ तळले त्याच तेलात साबुदाणा वडे तळले जातात. इतर दिवशी वरणभातही निर्धोक नसतो, कारण बाजारातील बांधानी हिंगात बहुधा गव्हाचे पीठ मिसळलेले असते.

इथे वाचकाला सोवळ्याची आठवण होईल. वेगळे भांडे, वेगळा पोळपाट, स्पर्शाची धास्ती. हे साम्य वरवरचे आहे आणि त्याबाबत सावध राहिले पाहिजे. सोवळ्याने दोष माणसाच्या हातात पाहिला. ज्या समाजात पाण्याला स्पर्श करण्याच्या हक्कासाठी 1927 साली महाडला सत्याग्रह करावा लागला, तिथे ‘विटाळ’ हा शब्द कोणत्याही पथ्यासाठी उसना घेणे योग्य नव्हे. सिलिअॅकमध्ये दोष पिठाच्या कणात असतो. वाढणारा कोण, हा प्रश्न उद्भवतच नाही. त्याने हात आणि पळी धुतली की नाही, एवढाच प्रश्न असतो.

हा कण मोजता येतो, हेही महत्त्वाचे. आंतरराष्ट्रीय अन्नसंहितेनुसार किलोमागे 20 मिलिग्रॅमहून अधिक ग्लुटेन नसलेल्या पदार्थालाच ‘ग्लुटेनमुक्त’ म्हणता येते. युरोपीय संघात डिसेंबर 2014पासून उपाहारगृहांतील सुट्या पदार्थांतही ग्लुटेनयुक्त धान्य असल्यास ग्राहकाला ते सांगणे बंधनकारक आहे. तिथल्या प्रवाशाला माहिती मागताना उपवासाचा बहाणा करावा लागत नाही. आपल्याकडे वेष्टनावर नियम आले, पण ताटापर्यंत ते अजून नीटसे पोचलेले नाहीत. यात्रेकरूंसाठी धर्मशाळा आणि अन्नछत्रे उभारणाऱ्या समाजाला हे अशक्य आहे असे वाटत नाही. “यात गहू आहे का?” या प्रश्नाला वाढणाऱ्याने खरे उत्तर द्यावे आणि ठाऊक नसेल तर तसे सांगावे, एवढी सुरुवात झाली तरी पुष्कळ होईल.