जेकबाईंची वही

माणसाला नाव लागतं आणि यंत्राला आकडा. घरोघरी काळे टेलिफोन होते तेव्हापासूनचं हे भांडण आहे. "जरा जोश्यांना फोन लाव" असं आपण म्हणायचो, पण टेलिफोनला जोशी कळत नसत. मग ती जाडजूड डिरेक्टरी काढायची आणि पानंच्या पानं भरलेल्या जोश्यांतून आपले जोशी हुडकायचे. इंटरनेटवरही हेच आहे. तिथल्या यंत्राला नंबर असतो, मध्येमध्ये टिंबं दिलेला, आणि तो पाठ करायला आपण काही रामानुजन नव्हे. म्हणून त्याला जे हाक मारायचं नाव ठेवतात ते डोमेन नेम. नावं ठेवण्यात आपला हात कुणी धरणार नाही. प्रश्न असतो तो वही कुणाकडे, हा.

सुरुवातीला ती एका बाईंकडे होती. अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या पैशानं १९६९ साली अर्पानेट नावाचं जाळं सुरू झालं तेव्हा त्यात यंत्रं होती चार. चौघांत कसली वही आणि कसलं काय! पण संसार वाढला. कॅलिफोर्नियात मेन्लो पार्कच्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये या जाळ्याचं माहिती-केंद्र होतं, आणि १९७२ पासून तिथला कारभार एलिझाबेथ फाइनलर पाहू लागल्या. त्यांना एलिझाबेथ म्हणत कोण? लहानपणी बहिणीच्या बोबड्या तोंडून 'जेक' झालं, ते कायमचं चिकटलं. आपल्याकडे नाही का बंड्या आणि बेबी साठी ओलांडतात!

वही म्हणजे एक साधी फाइल. इकडे नंबर, तिकडे नाव. कुठे नवं यंत्र आलं की तिथली मंडळी जेकबाईंच्या ऑफिसात कळवायची: अमुक नाव ठेवायचं म्हणतोय. ऑफिसातले लोक वही चाळून सांगत, "ठेवा," किंवा सांगत, "ते गेलं, दुसरं बघा." ऑफिस सुटलं की बारसं उद्यावर. आणि बाकी सगळ्यांनी ती फाइल अधूनमधून आपल्याकडे उतरवून घ्यायची. ज्यानं आळस केला, त्याच्या लेखी नवं बाळ जन्मलंच नाही. १९८१ च्या ऑगस्टात यंत्रं झाली २१३, आणि पुढे तर वही उतरवून होईतो शिळी व्हायला लागली. तरी या साऱ्या इतिहासात मला हाच काळ आवडतो. फोन उचलायला माणूस होतं.

यावर तोड काढायचं काम दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या एका संस्थेतल्या जॉन पोस्टेल यांनी पॉल मॉकापेट्रिस या सहकाऱ्यावर सोपवलं. पाच योजना आधीच तयार होत्या. त्यांतून मधला मार्ग काढायचा होता. मॉकापेट्रिसनी पाचही बाजूला ठेवल्या आणि सहावी लिहिली. (समितीवर बसलेल्या कुणालाही हे ऐकून बरं वाटेल.) १९८३ च्या नोव्हेंबरात ती प्रसिद्ध झाली. कल्पना अशी, की एकच वही ठेवूच नका. ज्याच्या वाड्याची नोंद त्यानं ठेवावी, आणि माहीत नसेल तर पुढे कुणाला विचारायचं तेवढं सांगावं.

'आयआयटीबी डॉट एसी डॉट इन' हे पवईचं नाव घ्या. आपण पाकिटावर माणूस आधी आणि गाव शेवटी लिहितो. टपालखातं मात्र गाव आधी बघतं. हे यंत्रही शेवटून वाचतं. सर्वांत शेवटी एक न दिसणारं टिंब असतं, ते मूळ. त्याच्या वहीत फक्त आडनावं: कॉम, ऑर्ग, इन वगैरे. तो म्हणतो, "पवई-बिवई ठाऊक नाही. इनवाल्यांना विचारा." इनवाले म्हणतात, "कॉलेज ना? पवईतच विचारा." आणि पवईवाला नंबर हातात ठेवतो. हे सगळं पापणी लवायच्या आत, आणि पेठेत पत्ता विचारल्यासारखं "पाटी वाचता येत नाही का?" कुणी म्हणत नाही.

वह्या वाटल्या, तरी मूळ राहिलं एकच. २८ जानेवारी १९९८ ला पोस्टेलनी मूळ वहीच्या प्रती सांभाळणाऱ्यांपैकी आठ जणांना ई-मेल धाडली, की यापुढे माझ्याकडची प्रत प्रमाण माना. आणि त्यांनी मानली! लांब दाढीचा एक प्राध्यापकी गृहस्थ, ना शिक्का ना हुकूमनामा, नुसता शब्द. अमेरिकन सरकारनं डोळे वटारले तेव्हा ते म्हणाले, चाचणी होती. आणि सारं पूर्ववत केलं. त्याच सप्टेंबरात आयकॅन ही संस्था निघाली, ऑक्टोबरात पोस्टेल वारले.

तोवर नावांचा बाजारही भरला होता. पहिलं डॉट कॉम नाव १५ मार्च १९८५ चं, 'सिम्बॉलिक्स'; त्या वर्षात अशी नावं नोंदली गेली जेमतेम सहा. फुकट असूनही! १९९५ च्या सप्टेंबरात वर्षाला ५० डॉलर भाडं बसलं. भाडंच म्हणायचं, कारण नाव मालकीचं होत नाही. माझ्या भाच्यानं मसाल्यांच्या धंद्यासाठी घराण्याचं आडनाव घेतलं आणि एका वर्षी भाडं भरायचं विसरला. पणजोबांपासूनचं आडनाव; त्यावर आता कुणी परका बूट विकतो.

तुवालू या चिमुकल्या द्वीपराष्ट्राच्या वाट्याला मात्र देशांच्या सांकेतिक यादीतून 'टीव्ही' ही दोन अक्षरं आली. २००० साली त्यांचे हक्क विकून आलेल्या पैशांतून त्यांनी संयुक्त राष्ट्रसंघाचं सभासदत्व घेतलं. आपल्याला १९८९ साली 'इन' मिळालं. त्याची वही बरीच वर्षं जुहूच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्रात होती.

२०१४ साली देवनागरीत 'डॉट भारत' आलं. म्हणजे आता मराठीत नाव टाका, चालतं. पण या मूळ व्यवस्थेला रोमन अक्षरंच कळतात, म्हणून आतल्या आत त्याचं भाषांतर होतं. तिथल्या वहीत भारताचं नाव आहे: एक्सएन, दोन आडव्या रेघा, एच२बीआरजे९सी.