कुंपणावरच्या मतदाराची फेरिस्त

मतदाराच्या मनाचा ठाव घेऊन त्याला रुचेल तेवढेच त्याच्या कानी घालण्याची जी विद्या हल्ली संगणकाच्या नावाने ओळखली जाते, तिचे कूळ शोधू लागल्यास आपल्याला इ. स. 1840 च्या, अमेरिकेतील इलिनॉय राज्यापर्यंत मागे जावे लागते. आणि तेथे तिच्या मसुद्याखाली ज्यांच्या सह्या आढळतात, त्यांत ऐन तिशीतल्या एका वकिलाची, अब्राहम लिंकनची, सही असते.

त्या वर्षीच्या जानेवारीत लिंकनच्या व्हिग पक्षाच्या समितीने जिल्ह्याजिल्ह्यांतील विश्वासू मंडळींना एक गोपनीय परिपत्रक धाडले. जिल्ह्याचे लहान लहान विभाग पाडावेत, प्रत्येक विभागातील यच्चयावत मतदारांची यादी करावी, कोण कोणाला मत देणार याची खातरजमा करून घ्यावी, आणि ज्यांचे मन डळमळीत असेल त्यांची नावे निराळ्या ओळींत लिहून ठेवावीत, असा त्यातला जाबता होता. पुढचे कलम तर फारच मार्मिक आहे : या डळमळीतांवर सतत नजर ठेवावी, ज्यांच्यावर त्यांचा अधिकात अधिक विश्वास असेल अशांकडूनच त्यांच्याशी बोलणे करवावे, आणि त्यांचे मत वळेल असे छापील वाङ्मय त्यांच्या हाती पडेल अशी तजवीज ठेवावी. माणूस हेरणे, त्याला पटेल असा सांगणारा निवडणे आणि मजकूर त्याच्या बेताचा देणे, ही या विद्येची तिन्ही अंगे येथे पूर्णपणे सिद्ध झालेली आहेत. पुढील पावणेदोनशे वर्षांत त्यांत साधनांची भर पुष्कळ पडली, तत्त्वाची पडलेली मला तरी दिसत नाही.

त्याच वर्षीच्या मोहिमेसाठी लिंकनने आणखी एक टाचण केले. त्यात जिल्ह्याच्या नायकाला पहिले काम सांगितले आहे ते मतदानाच्या वह्यांतून, ऑगस्टमधील राज्याच्या निवडणुकीत आपल्या पक्षाला ज्यांनी मत दिले त्यांची नावे केंद्रवार उतरवून घेण्याचे. मग ती यादी केंद्राच्या नायकाकडे जावी, त्याने जवळजवळ राहणाऱ्या दहा-दहा असामींचे गट पाडावेत, प्रत्येक गटावर एक माणूस नेमावा, आणि त्या माणसाने दहाही जणांना समक्ष भेटून, नोव्हेंबरातल्या मतदानाला काही झाले तरी हजर राहू, असे वचन घ्यावे. मतदारयादीच्या एकेका पानावर एकेक ‘पन्नाप्रमुख’ नेमणाऱ्या आपल्याकडील पक्ष-कारभाऱ्यांना हे वाचून आपलेच काही वाचल्यासारखे वाटेल. एवढा बंदोबस्त करूनही इलिनॉयमध्ये व्हिग पक्ष थोड्या मतांनी हरला. देशात मात्र त्याचा उमेदवार हॅरिसन अध्यक्ष झाला.

पण कोणी कोणाला मत दिले हे वहीत सापडावे कसे, असा प्रश्न आजच्या वाचकास पडेल. त्या काळी इलिनॉयमध्ये मत तोंडी द्यावयाचे असे आणि कारकून ते नावासमोर मांडून ठेवी. खुद्द लिंकनने कोणाकोणाला मते दिली हेही आज कळते ते याच दप्तरामुळे. इंग्लंडात तर अशा वह्या छापून विकल्या जात. ज्याचे मत उघडे, त्याचा धनीही उघडा. 1868 च्या निवडणुकीनंतर वेल्समधील काही जमीनदारांनी, आपल्या मर्जीविरुद्ध मत दिलेल्या कुळांना जमिनीवरून उठविले, तेव्हा या सोयीचे खरे मोल लोकांना कळले. ऑस्ट्रेलियातील काही वसाहतींनी 1856 मध्ये, आणि ब्रिटनने 1872 मध्ये गुप्त मतदान पत्करले, आणि पक्षांच्या हाती उरली ती नावे, पत्ते व मतदानाला कोण आले कोण नाही एवढी नोंद.

पडदा पडला म्हणून जिज्ञासा मेली नाही. ती अनुमानाकडे वळली, आणि आज जिला आपण आधुनिक विद्या म्हणतो तो या अनुमानाचाच विस्तार आहे. 1945 मध्ये इंग्लंडातील रेडिंग येथून मजूर पक्षातर्फे निवडून आलेल्या इयान मिकार्डो यांनी घरोघर विचारपूस करून आपल्या समर्थकांच्या रस्तावार याद्या केल्या, त्या मतदानाच्या दिवशी टेबलावर मांडल्या, आणि मत देऊन गेलेल्याचे नाव खोडीत, उरलेल्यांच्या दारी माणूस धाडण्याची रीत बसविली. 1959 साली अमेरिकेत स्थापन झालेल्या सिमुलमॅटिक्स कंपनीने विचारपुशीलाही फाटा दिला : जुन्या जनमत-चाचण्यांतील लाखाहून अधिक मुलाखती संगणकात भरून तिने मतदारांचे 480 प्रकार पाडले, आणि 1960 मध्ये केनेडींच्या पक्षाला कोणत्या प्रश्नावर कोणता प्रकार कसा वागेल याचे अहवाल दिले. केनेडींच्या विजयात त्यांचा वाटा किती, हा वाद मिटलेला नाही. मला तो दुय्यम वाटतो. लिंकनच्या यादीत निदान माणूस होता, त्याच्याशी बोलायला जाणारा शेजारी होता, आणि त्या शेजाऱ्याला उलट प्रश्न करण्याची सोय होती. येथे पूर्वेकडच्या महानगरातली, बेताच्या मिळकतीची, कॅथलिक, डेमोक्रॅट स्त्री हा एक खण झाला, आणि आपण कोणत्या खणात पडलो याचा तिला पत्ताही नाही. केंब्रिज ॲनालिटिका या कंपनीने फेसबुकवरील 8 कोटी 70 लाखांपर्यंत लोकांची माहिती मिळविल्याचे 2018 मध्ये उघड झाले तेव्हा गवगवा फार झाला, परंतु खण पाडण्याचे काम त्यापूर्वी अठ्ठावन्न वर्षे चालूच होते.

आपल्याकडे या कथेला निराळेच वळण मिळाले. मतपत्रिकांच्या काळात, जेथे धाकदपटशाचे वा सूडाचे भय असे तेथे, निरनिराळ्या केंद्रांच्या मतपत्रिका मोजणीपूर्वी एकत्र मिसळण्याचा हुकूम देण्याची मुभा नियमांनी निवडणूक आयोगाला दिली होती. कोणत्या वस्तीने कोणाला कौल दिला हे कळू नये, हा त्यामागील हेतू. मतदान यंत्र आले आणि प्रत्येक केंद्राची बेरीज आपोआप निराळी पडू लागली. केंद्राबाहेर मांडव टाकून मतदारांच्या चिठ्ठ्या काढून देणाऱ्या कार्यकर्त्यापाशी यादी असतेच. तिच्या शेजारी हा तक्ता ठेवला की वाडी कोणती आपली आणि आळी कोणती परकी, हे त्याला संगणकावाचून उमगते, आणि पुढच्या खेपेस नळाचे आश्वासन कोठे द्यावयाचे व दम कोठे भरावयाचा हेही त्याच तक्त्यावरून ठरविता येते. 14 केंद्रांची मते एकत्र बेरीज करून दाखविणारे ‘टोटलायझर’ नावाचे जोडयंत्र वापरावे, असे निवडणूक आयोगाने 2008 मध्ये सुचविले. केंद्र सरकारने ते मान्य केले नाही, आणि केंद्रवार तक्ते पूर्वीप्रमाणेच प्रसिद्ध होतात.