जावयाची चौकशी

सत्तर-ऐंशीच्या दशकांत रविवारच्या मराठी वर्तमानपत्रांतली वधू-वर पानं उघडली की ‘अमेरिकास्थित’ हा शब्द हमखास सापडायचा. मुलगा इंजिनिअर किंवा डॉक्टर, उंची अमुक, पगार डॉलरमध्ये, ‘तीन आठवड्यांच्या रजेवर येत आहे, त्वरित संपर्क साधा’. घाटकोपर-मुलुंडच्या गुजराती घरांत हेच ‘मुंबई समाचार’मधून चालायचं. तीन आठवड्यांत बघण्याचे कार्यक्रम, होकार, हॉलचं बुकिंग, लग्न आणि नोंदणी एवढं सगळं उरकायचं. या धावपळीत मुलीकडच्यांच्या हाती एकच शस्त्र असायचं, ते म्हणजे चौकशी.

चौकशी हे मध्यमवर्गीय मुंबईचं न लिहिलेलं खातं होतं. मुलाच्या जुन्या चाळीतला शेजारी, बापाच्या बँकेतला सहकारी, कुणाची तरी पार्ल्याची मावशी अशा माणसांकडून दोन दिवसांत सगळा कानोसा लागायचा. मुलगा पितो का, आधी कुठे जमून मोडलंय का, थोरल्या भावाचं घरात कसं आहे? विरार ते कर्जत या टापूत ही यंत्रणा कुठल्याही पोलीस दाखल्यापेक्षा पक्की होती. मात्र तिची हद्द अंधेरीत, सहारच्या विमानतळावर संपायची. पलीकडच्या गावी मुलगा दहा वर्षं काय करत होता, हे सांगणारा शेजारीच नव्हता. मग घराचा आणि गाडीचा फोटो, पगाराचा आकडा आणि ‘ग्रीन कार्ड आहे’ हे वाक्य एवढ्यावर सोयरीक जुळायची.

ही स्थळं उपनगरांत आली कशी, याला अमेरिकेतले कायदे कारण आहेत. १९४६च्या कायद्याने भारतीयांना वर्षाला अवघ्या १०० जणांचा कोटा दिला होता. १९६५च्या कायद्याने देशवार भेदभावाची ती चौकट मोडली आणि १९६८पासून डॉक्टर-इंजिनिअरांची रांग लागली. नागरिकाच्या बायकोला कोट्याचं बंधन नव्हतं. ग्रीन कार्डवाल्याच्या बायकोला होतं, आणि नव्वदच्या दशकात तिला कित्येक वर्षं ताटकळावं लागे. दरम्यान अंधेरीच्या सीप्झमध्ये संगणक कंपन्यांचे कारखाने वाढत होते. १९७३मध्ये निर्यातीसाठी उभ्या राहिलेल्या या वसाहतीतून प्रोग्रॅमर परदेशी कामांवर जाऊ लागले, आणि १९९०च्या अमेरिकन कायद्यातून कामासाठीचा एच-१बी व्हिसा आल्यावर तर बोरिवली लोकलच्या डब्यातही त्याची चर्चा होऊ लागली. लग्नाच्या बाजारात तीन प्रतींची स्थळं ठरली: सिटिझन, ग्रीन कार्ड, एच-१. मुलीकडच्यांना हे भाव पाठ होते. या प्रत्येक भावामागे नवऱ्याच्या हातात बायकोच्या कागदांची किती दोरी असते, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक होतं.

सरकारांचा संशय त्या काळात सगळा येणाऱ्या बाईवर होता. १९७९च्या जानेवारीत लंडनच्या हीथ्रो विमानतळावर लग्नासाठी आलेल्या एका भारतीय शिक्षिकेची कौमार्य चाचणी झाली. १ फेब्रुवारीच्या ‘गार्डियन’ने ती बातमी छापल्यावर भारतातल्या ब्रिटिश कचेऱ्यांमध्येही असे प्रकार झाल्याचं उघड झालं. अमेरिकेने शरीराला हात लावला नाही, कागदाला लावला. नोव्हेंबर १९८६मध्ये तिथे लग्नाच्या आडून होणारी फसवणूक रोखण्यासाठी कायदा झाला. लग्नाला दोन वर्षं झाली नसतील तर बायकोला मिळणारं ग्रीन कार्ड सशर्त असेल आणि दोन वर्षांनी नवरा-बायकोने मिळून सही केली तरच ते पक्कं होईल, अशी त्याची रचना होती. परदेशी जोडीदाराशी होणाऱ्या लग्नांपैकी सुमारे ३० टक्के खोटी असतात, असा दावा इमिग्रेशन खात्याने तेव्हा केला होता. त्या आकड्याची पाहणी कच्ची होती, हे पुढे दिसलं. कायदा तोवर होऊन गेला होता.

त्या दोन वर्षांचा अर्थ न्यू जर्सीतल्या फ्लॅटमध्ये अगदी सरळ होता. ‘सही करणार नाही’ एवढं म्हटलं की पुरे.

याची झळ आधी दिसली ती तिथल्याच भारतीय बायकांना. १९८५मध्ये न्यू जर्सीत ‘मानवी’ ही संस्था उभी राहिली. घरातल्या मारहाणीवर काम करणारी अमेरिकेतली ती पहिली दक्षिण आशियाई संघटना. चार वर्षांत न्यूयॉर्कमध्ये ‘सखी’ निघाली. महाराष्ट्र मंडळांच्या गणेशोत्सवांत आणि दिवाळी अंकांत ज्याचा उल्लेख होत नव्हता, तो विषय या संस्थांच्या फोनवर रोज येत होता. १९९०मध्ये अमेरिकन काँग्रेसने मारहाण सोसणाऱ्या बायकोला एकटीने सही करण्याची मुभा दिली. १९९४च्या महिला-हिंसाचारविरोधी कायद्याने त्याहून पुढचं पाऊल टाकलं: नवरा नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असेल आणि छळ करत असेल, तर बायको त्याला न विचारता, त्याला न कळवता स्वतःचा अर्ज स्वतः करू शकते.

आणि मग १९९६ आलं. कायद्यांच्या इतिहासात चांगल्या हेतूने लावलेला सापळा पाहायचा असेल तर हे वर्ष पाहावं. ३० सप्टेंबर १९९६ला मंजूर झालेल्या इमिग्रेशन कायद्याने घरगुती हिंसाचाराची शिक्षा हे परकीय नागरिकाला देशाबाहेर काढण्याचं स्वतंत्र कारण ठरवलं. ग्रीन कार्डवाला हा कायद्याने परकीयच. म्हणजे त्याने बायकोला मारलं, तिने पोलिसांना बोलावलं, कोर्टाने त्याला दोषी ठरवलं, की त्याचं ग्रीन कार्ड जाण्याची वेळ येणार. त्याचं कार्ड गेलं की त्याने बायकोसाठी टाकलेली केसही कोसळणार, कारण तो आता स्पॉन्सर उरलाच नाही. इतकंच नव्हे, तर तिने स्वतः अर्ज करायचा म्हटलं तरी ‘नवरा ग्रीन कार्डधारक आहे’ ही अटच नाहीशी झालेली. बाईने फोन उचलायचा की नाही, हा प्रश्न मग केवळ भीतीचा राहिला नाही, हिशेबाचा झाला. मुलुंडला आईवडिलांना फोन करून ‘सगळं ठीक आहे’ म्हणणाऱ्या किती जणींनी हा हिशेब मनात केला असेल, त्याची नोंद कुठल्या कचेरीत नाही.

ही गाठ सुटली ती चार वर्षांनी. २०००च्या दुरुस्तीने तरतूद केली की घरगुती हिंसाचारापायी नवऱ्याचा दर्जा गेला असेल, तर त्यानंतर दोन वर्षांच्या आत बायको स्वतःचा अर्ज करू शकते. त्याच कायद्यातून यू व्हिसाही आला. गुन्ह्याला बळी पडून तपासात मदत करणाऱ्यांसाठीचा हा व्हिसा, वर्षाला १०,००० मुख्य अर्जदारांच्या मर्यादेत. एच-१बी नवऱ्याच्या बायकोला तेवढाच एक आधार होता, कारण स्वतः अर्ज करण्याची सवलत तिच्यापर्यंत पोहोचत नाही. तिचा एच-४ व्हिसा नवऱ्याच्या नोकरीच्या खुंटीला टांगलेला. नवऱ्याला शिक्षा होऊन त्याचा दर्जा गेला तर तिचाही गेला. यातल्या काही जणींना कामाची परवानगी मिळायलाही २०१५ साल उजाडावं लागलं.

इथवरचे सगळे कायदे लग्नानंतर घडणाऱ्या गुन्ह्यांचे होते. नवऱ्याने लग्नाआधी काय केलं होतं, हे विचारायला सुरुवात झाली ती २००६मध्ये, आणि त्यालाही खून कारण ठरले. वॉशिंग्टन राज्यात १९९५ आणि २०००मध्ये एजन्सींच्या कॅटलॉगमधून जमलेल्या लग्नांत दोन परदेशी बायकांचा नवऱ्यांकडून जीव गेला. त्यातून ५ जानेवारी २००६ला जो कायदा झाला, त्याने अमेरिकन नागरिकाला होणाऱ्या बायकोसाठी व्हिसा मागताना आपल्या हिंसक गुन्ह्यांची माहिती अर्जात द्यायला लावली. ती माहिती सरकारने मुलीपर्यंत पोहोचवायची, सोबत तिच्या हक्कांची पुस्तिका द्यायची. ही पुस्तिका ज्या भाषांत करायला सांगितली त्यांत हिंदीही आहे.

ऐकायला उत्तम. पण हा नियम वाग्दत्त वधूच्या के-१ व्हिसाला आणि त्याच्या जोडीच्या के-३ला लागू. मुलुंडच्या मुलीचं लग्न आधी कालिदास नाट्यगृहाजवळच्या एखाद्या हॉलमध्ये लागतं, मग नवरा परत जाऊन आय-१३० अर्ज भरतो आणि ती थेट पत्नी म्हणून इमिग्रंट व्हिसावर जाते. त्या वाटेवर नवऱ्याचे गुन्हे तिला कळवण्याचं बंधन या कायद्याने घातलेलं नाही. परंपरागत पद्धतीने लग्न करणारी मुलगी कायद्याच्या लेखी सुरक्षित धरली गेली, असा त्याचा अर्थ निघतो. वकिलांच्या भाषेत याला पळवाट म्हणत नाहीत, पण आहे ती तीच.

त्याच वर्षी २७ जुलैला अध्यक्ष बुश यांनी अॅडम वॉल्श कायद्यावर सही केली. फ्लोरिडातल्या एका दुकानातून सहा वर्षांच्या अॅडमला पळवून नेल्याला त्या दिवशी बरोबर २५ वर्षं झाली होती. हा कायदा मुख्यतः बालकांवरच्या लैंगिक गुन्ह्यांच्या नोंदीचा; पण त्याच्या ४०२व्या कलमात एक वाक्य कुटुंब-व्हिसांचं आहे. अल्पवयीनाविरुद्धच्या ठरावीक गुन्ह्यांत दोषी ठरलेला नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक बायको, मुलं, आईवडील यांपैकी कुणासाठीही अर्ज करू शकणार नाही. अपवाद एकच: त्या नातेवाइकाला त्याच्यापासून कसलाही धोका नाही, असं सरकारने मान्य केलं तर. आणि तो निर्णय सर्वस्वी सरकारच्या मर्जीचा. २००७च्या खातेअंतर्गत सूचनेने पुराव्याची पायरी थेट फौजदारी खटल्याएवढी उंच ठेवली: कोणतीही वाजवी शंका उरता कामा नये. २०१४मध्ये इमिग्रेशन अपील मंडळाने एकाच दिवशी तीन निकाल दिले. बंदी २००६च्या आधीच्या शिक्षांनाही लागू आहे, आपला गुन्हा त्या ठरावीक गुन्ह्यांत बसत नाही हे दाखवण्याचा भार अर्जदारावर आहे, आणि ‘धोका नाही’ या निर्णयावर मंडळ अपील ऐकणार नाही. २०१७मध्ये आणखी एक भर पडली: इंटरनेटवर अल्पवयीन मुलगी समजून ज्याच्याशी बोलणं केलं तो प्रत्यक्षात वेशांतर केलेला पोलीस निघाला, तरी गुन्हा याच यादीत बसू शकतो.

यात बायकोचं काय होतं, हे पाहण्यासारखं आहे. अर्ज नवऱ्याचा, म्हणून नामंजुरीचं पत्रही त्याच्याच पत्त्यावर. बोरिवलीत माहेरी थांबलेल्या मुलीला ‘केस अडकलीय’ एवढंच कळतं. सगळं ठाऊक असूनही संसार करायची तयारी असलेल्या बाईला मात्र हाच कायदा दारातून परत पाठवतो, आणि तिचं म्हणणं ऐकायला अपिलाची जागाही ठेवत नाही. एकीला माहिती हवी असताना मिळत नाही, दुसरीला निवड करायची असताना करू दिली जात नाही.

बाकीच्या गुन्ह्यांबद्दल उपनगरांतल्या व्हिसा एजंटांकडे उलटसुलट बोललं जातं, पण नियम साधा आहे. चोरी, दारू पिऊन गाडी चालवणं, करचुकवेगिरी यांतल्या शिक्षेने अमेरिकन नागरिकाचा बायकोसाठीचा अर्ज आपोआप फेटाळला जात नाही. अडचण येते ती पैशाची. १९९७च्या अखेरीपासून स्पॉन्सरला आपली मिळकत दारिद्र्यमर्यादेच्या १२५ टक्के असल्याचं बांधील हमीपत्र द्यावं लागतं, आणि तुरुंगात बसलेल्या माणसाला पगार नसतो. मग भाऊ किंवा काका सहहमीदार म्हणून शोधावा लागतो.

कॅनडाने बंदी मुदतीची ठेवली: लैंगिक गुन्हा किंवा नातेवाइकावर हिंसा केलेल्याला शिक्षा संपल्यावर पाच वर्षं स्पॉन्सर होता येत नाही. ऑस्ट्रेलियाने नोव्हेंबर २०१६पासून स्पॉन्सरकडून पोलीस तपासणीची संमती घ्यायला आणि गंभीर गुन्हे असतील तर ते अर्जदार जोडीदाराला सांगायला सुरुवात केली. तिन्ही देशांत ऑस्ट्रेलियाचाच उपाय सरळ वाटतो.

इकडे मुंबईत मुलीच्या पोलीस दाखल्यात कसूर नाही. इमिग्रंट व्हिसासाठी सोळा वर्षांवरच्या प्रत्येक अर्जदाराला तो लागतो; त्यासाठी अंधेरी किंवा मालाडच्या पासपोर्ट सेवा केंद्रात जायचं, मग चौकीवर पडताळणी. अमेरिकन वकिलात नोव्हेंबर २०११मध्ये ब्रीच कँडीच्या लिंकन हाउसमधून वांद्रे-कुर्ला संकुलात आली. देशातल्या इमिग्रंट व्हिसांच्या मुलाखतींचा मोठा भाग तिथे होतो. १९८९मध्ये सुरू झालेलं मुंबईचं कुटुंब न्यायालयही त्याच संकुलात. काही जणींच्या वाट्याला दोन्ही इमारती येतात.

लग्नाची नोंद वॉर्ड ऑफिसात होते: अंधेरीचं के-पूर्व किंवा के-पश्चिम, बोरिवलीचं आर-मध्य, घाटकोपरचं एन, मुलुंडचं टी. ज्या कायद्याखाली ती होते, तो १९९८चा महाराष्ट्राचा कायदा वधू-वर सूचक केंद्रांवरही लक्ष ठेवण्यासाठी केलेला. नावातच ते आहे. अर्जात पुरोहिताचं नाव आणि तीन साक्षीदार लागतात. वराला कुठल्या देशात कधी शिक्षा झाली, हे विचारणारा रकाना नाही. राष्ट्रीय महिला आयोगात अनिवासी भारतीयांच्या लग्नांसाठी २४ सप्टेंबर २००९ला स्वतंत्र कक्ष उघडला. अशा लग्नांच्या सक्तीच्या नोंदणीचं विधेयक २०१९मध्ये राज्यसभेत आलं, आणि विधि आयोगाने फेब्रुवारी २०२४मध्ये २८७व्या अहवालात तीच शिफारस पुन्हा केली.

चौकशीची जुनी यंत्रणा मात्र नव्या रूपात पुन्हा हाती येऊ लागली आहे. भारताची लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय नोंद २०१८पासून आहे, पण ती फक्त पोलिसांना दिसते. अमेरिकेतली खुली आहे. नाव आणि राज्य टाकलं की बोरिवलीतल्या मोबाइलवरही फुकट उघडते. मारहाणीच्या आणि इतर शिक्षा तिथे सापडत नाहीत. त्या काउंटीच्या कोर्टांकडे असतात, आणि पुष्कळ काउंटींच्या नोंदी ऑनलाइन पाहता येतात. त्यासाठी मुलगा गेल्या दहा वर्षांत कुठल्या काउंटीत राहत होता, ते आधी विचारावं लागतं.