खाम नदी, खापराचे नळ आणि मायक्रोप्लास्टिक

आपल्या शहराचा इतिहास मी पाण्यापासूनच सांगायला घेतो. 1610 मध्ये मलिक अंबरने खडकी वसवली, डोंगरातलं पाणी नहरीने गावात आणलं. पुढे खामकाठी पाणचक्की झाली. तिचं पाणी खापराच्या नळांतून यायचं. खापर फुटलं, झिजलं की शेवटी मातीत मिसळतं.

प्लास्टिकचं तसं नाही. उन्हाने, घासून ते तुटत जातं, पण राहतं प्लास्टिकच. 5 मिलिमीटरपेक्षा लहान तुकडा म्हणजे मायक्रोप्लास्टिक. 2004 मध्ये रिचर्ड थॉम्पसन यांच्या शोधनिबंधामुळे हा शब्द रूढ झाला. महाराष्ट्रात प्लास्टिकबंदी आली 2018 मध्ये.

आता फोनवर नकाशा उघडा. खाम शहरातून वाहत जाऊन जायकवाडीच्या नाथसागराला मिळते. तिथे रोहित पक्षी येतात. ते चोचीने पाणी गाळून बारीक जीव खातात. त्याच मापाचा प्लास्टिकचा कण त्यांना वेगळा कसा कळणार? माशांचंही तेच. पोट भरतं, पोषण मात्र शून्य.

आणि आपल्या नळाला पाणी कुठलं? त्याच नाथसागराचं! म्हणजे नाल्यात टाकलेलं वेफर्सचं पाकीट ‘गेलं’ असं म्हणायची सोय नाही. खामच्या पुलावरून जाताना एकदा खाली बघाच. भेटू पुढच्या भागात.