कानाच्या हाती आवाज

पॅरिसमधले कानाचे डॉक्टर एतिएन लोंबार यांच्यापुढे एक पेच होता. एका कानाने ऐकू येत नाही म्हणणारा माणूस खरंच बहिरा आहे की सोंग करतोय, हे ओळखायचं कसं? त्यांनी त्याला मोठ्याने वाचायला लावलं आणि वाचन चालू असतानाच त्याच्या चांगल्या कानात यंत्राने गोंगाट सोडला. दुसरा कान खरोखर निकामी असेल, तर स्वतःचं वाचन ऐकू येईनासं होऊन आवाज एकदम चढे. सोंग असेल, तर तो फारसा हलत नसे. कारण ‘बहिरा’ कान आपलं काम करतच असे. १९११ साली लोंबार यांनी हे निरीक्षण प्रसिद्ध केलं. बोलणं आणि ऐकणं यांच्या नात्याच्या अभ्यासात शिरायला मला याहून चांगला दरवाजा दिसत नाही. आवाज निघतो गळ्यातून, पण त्याची पातळी सांभाळतो कान.

ऐकू कमी येणारी सगळीच माणसं मोठ्याने बोलत नाहीत, हेही इथेच उलगडतं. आपला आवाज आपल्याला हवेतून ऐकू येतो तसा कवटीच्या हाडांतूनही. मधल्या कानात अडथळा असेल, तर बाहेरचा गलबला दबतो आणि हाडांतून येणारा स्वतःचा आवाज ठळक वाटतो. असा माणूस अनेकदा हळू बोलतो. आतल्या कानाची नसच क्षीण झाली असेल, तर दोन्ही वाटांनी कमीच पोचतं आणि आवाज चढतो. घरातल्या वडीलधाऱ्यांवर ‘ओरडता कशाला?’ असं डाफरण्याआधी एवढं माहीत असायला हवं.

टेलिफोनच्या अभियंत्यांनाही हा प्रश्न लवकरच भेटला. बोलणाऱ्याचा आवाज त्याच्याच रिसीव्हरमध्ये जास्त ऐकू आला, की तो आवाज उतरवतो आणि पलीकडच्याला नीट ऐकू येत नाही.

मग गोंगाटात आवाज चढणं ही निव्वळ प्रतिक्षिप्त क्रिया आहे, की समोरच्यापर्यंत पोचण्याची धडपड? हा वाद जुना आहे. हार्लन लेन आणि बर्नार्ड ट्रॅनेल यांनी १९७१ साली दुसऱ्या बाजूला वजन दिलं. समोर ऐकणारा असला, की एकट्याने वाचण्यापेक्षा आवाज जास्त चढतो, म्हणून माझाही कल तिकडे आहे. पण बर्लिनच्या रहदारीत नाइटिंगेल पक्षीही शनिवार-रविवारपेक्षा कामाच्या दिवशी जोरात गातात, हे हेन्रिक ब्रुम यांनी २००४ मध्ये दाखवलं. तेव्हा प्रतिक्षिप्त क्रियेची बाजूही सोडून देता येत नाही.

मराठी अभ्यासकाला इथे भरपूर काम आहे. डफाच्या कडकडाटात कानाशी हात नेणारा शाहीर स्वतःचं काय आणि किती ऐकत असतो, हे मोजण्याजोगं आहे.

पुढची प्रकरणं वाचण्याआधी एक प्रयोग जरूर करा. हेडफोनवर बेताचा गोंगाट लावून मोठ्याने वाचा आणि ते ध्वनिमुद्रित करा. मग आवाज चढू द्यायचा नाही, असं ठरवून पुन्हा वाचा. नुसत्या निश्चयाने हे सहसा साधत नाही. आवाजाची पातळी दाखवणारा काटा डोळ्यांसमोर ठेवला, तर मात्र जमू लागतं.