बेगडेवाडी : पर्जन्यमान

बेगडेवाडी हे पुणे जिल्ह्याच्या मावळ तालुक्यातले गाव. पुणे–लोणावळा लोहमार्गावर देहूरोड आणि घोरावाडी यांच्यामध्ये त्याचे स्थानक आहे. शेलारवाडी आणि घोराडेश्वराचा लेण्यांचा डोंगर जवळच. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांचा पाऊस हाच येथील मुख्य पाऊस. वर्षाच्या पावसाचा फार मोठा हिस्सा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो.

या पावसाचा स्वभाव ठरतो तो गावाच्या जागेवरून. अरबी समुद्रावरून आलेले बाष्पयुक्त वारे बोरघाटाच्या भिंतीला अडतात आणि काही किलोमीटरांच्या आत कोकणच्या सपाटीवरून सुमारे ६०० मीटर वर चढतात. वर जाताना हवा थंड होते, बाष्पाचे पाणी होते आणि ते घाटमाथ्यावर ओतले जाते. पुढे पूर्वेकडे उतरताना तीच हवा कोरडी पडत जाते. त्यामुळे लोणावळ्याला वर्षाला ४,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस होतो, तर रेल्वेने ६४ किलोमीटरांवरच्या पुण्यात जेमतेम ७५०. लोणावळ्यात एकट्या जुलैत पुण्याच्या अख्ख्या वर्षाहून जास्त पाणी पडते. बेगडेवाडी या मार्गाच्या साधारण मध्यावर असली, तरी दोन्ही आकड्यांची सरासरी काढून तिचा पाऊस सांगणे चुकीचे ठरेल. पाऊस अंतराच्या प्रमाणात सारखा उतरत नाही. माथा ओलांडताच तो झपाट्याने घटतो आणि मग हळूहळू कमी होत जातो. म्हणून हे गाव पावसाच्या बाबतीत लोणावळ्यापेक्षा पुण्याच्या अधिक जवळचे आहे. ‘मावळ म्हणजे धो-धो पाऊस’ ही समजूत तालुक्याच्या पश्चिम भागालाच लागू पडते.

एप्रिल-मेमध्ये वळीव येतो, तो दुपार कलल्यावर, वादळवारा आणि कडकडाट घेऊन. कधी गाराही पडतात. मृग लागतो जूनच्या पहिल्या आठवड्याअखेर आणि मोसमी पाऊस बहुधा त्यानंतरच स्थिरावतो. २०२५ साली मात्र तो मेअखेरच, रोहिणी नक्षत्रात, पुणे जिल्ह्यात पोचला. जुलैतली पुनर्वसू आणि पुष्य ही नक्षत्रे, म्हणजे लोकांचे ‘तरणा’ आणि ‘म्हातारा’ पाऊस, हा भर मोसम. किनाऱ्यालगत कमी दाबाचा पट्टा तयार झाला किंवा बंगालच्या उपसागरातले कमी दाबाचे क्षेत्र मध्य भारतात सरकले, की झड लागते. एरवी दिवसभर नुसती रिपरिप असते. आभाळ भरलेले, अंगण ओले आणि पर्जन्यमापकात मात्र थोडेच पाणी, असे दिवस येथे पुष्कळ. हवामान खाते २.५ मिलिमीटरांपासून पुढे ‘पावसाचा दिवस’ धरते. भुरभुरीचे कित्येक दिवस त्या मोजणीत येतच नाहीत. श्रावणात ऊनपावसाचा खेळ चालतो. सप्टेंबरअखेर हस्ताचा, म्हणजे ‘हत्तीचा’ पाऊस पुन्हा गडगडाटासह येतो आणि ऑक्टोबरमध्ये परतीचा पाऊस मोसम मिटवतो. त्यानंतर वळवापर्यंत जवळजवळ कोरडेच.

भात हे मावळाचे पीक याच वेळापत्रकावर बसवलेले आहे. मृगात पेरलेली रोपे जुलैच्या पावसात आवणीला येतात. ‘इंद्रायणी’ हे सुवासिक वाण वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्राने विकसित केले आणि ते १९८७ मध्ये प्रसारित झाले. भात निसवल्यावर आलेला हत्ती उपकारक, पण कापणीच्या वेळी लांबलेला परतीचा पाऊस उभे पीक आडवे करतो. शेतकऱ्याला वर्षाच्या एकूण आकड्यापेक्षा ही वेळ महत्त्वाची वाटते आणि ते योग्यच आहे.

गावाजवळून वाहणारी इंद्रायणी मात्र गावच्या पावसावर चालत नाही. ती लोणावळ्याजवळ कुरवंडे परिसरात उगम पावते, म्हणजे तिचे पाणी ४,००० मिलिमीटरांच्या पट्ट्यातून येते. त्या पट्ट्यातले काही पाणी टाटांच्या वलवण, लोणावळा, शिरवटा या तलावांत अडवून १९१५ पासून खोपोलीच्या वीजकेंद्राकडे, पश्चिमेला सोडले जाते. उरलेले पुढे देहू-आळंदीकडे येते. त्यामुळे बेगडेवाडीत उघडीप असतानाही नदी दुथडी भरू शकते. १५ जून २०२५ रोजी, रविवारी, जवळच्या कुंडमळा येथे इंद्रायणीला जोराचा प्रवाह असताना तेथील जुना लोखंडी पूल कोसळला. त्यावर पर्यटकांची गर्दी होती. या दुर्घटनेत चार जणांचा मृत्यू झाला आणि अनेक जखमी झाले. पावसाळ्यात या भागात नदीकाठी जाणाऱ्याने डोक्यावरचे आभाळ पाहून भागत नाही. घाटमाथ्यावर गेल्या चोवीस तासांत किती पाऊस झाला, तो आकडा आधी पाहावा.